हायड्रोलॅगस ट्रोली

कायमेरा गणातील खोल समुद्री मासा. या गणातील माशांना सरसकट ‘घोस्ट शार्क’ म्हणतात. मुशी व पाकट यांचे ते फार दूरचे भाऊबंद असून दोन्ही शाखा साधारण 40 कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असाव्यात. डॉमिनिक डिडिए व बर्नार सेरे यांनी 2002 मध्ये न्यू कॅलेडोनियाच्या परिसरातील नमुन्यांवरून या जातीचे वर्णन केले आणि अलास्कातील चित्रकार रे ट्रोल यांचे नाव तिला दिले. हायड्रोलॅगस या प्रजातिनामाचा अर्थ पाण्यातला ससा.

लांबी सुमारे 120 सेंमी. पर्यंत. रंग एकसारखा निळसर करडा, नाक टोकदार, डोळ्याभोवती गडद कडा. सांगाडा कास्थीचा, अंगावर खवले नाहीत. मुशीच्या पाच-सात फटींऐवजी दोन्ही बाजूंना कल्ल्याचे एकेकच द्वार असते. वरचा जबडा कवटीशी सांधलेला. दातांच्या जागी वर दोन व खाली एक अशा चर्वणपट्टांच्या तीन जोड्या. चेहऱ्यावर टाके घातल्यासारख्या ज्या रेघा दिसतात, त्या पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या संवेदी नलिका होत. पोहताना शेपटीपेक्षा छातीचे रुंद पर वर-खाली हलतात. पहिल्या पृष्ठपरापुढे काटा असतो. नराच्या कपाळावर आत-बाहेर होणारा, काटेरी टोकाचा आलिंगक असतो. समागमात मादीला धरून ठेवण्यास तो उपयोगी पडत असावा. फलन शरीरांतर्गत. कायमेरा माद्या शिंगासारख्या कठीण कवचातील अंडी सामान्यतः दोन-दोन घालतात.

आढळ न्यू कॅलेडोनिया, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांच्या भोवती, सुमारे 600 ते 2,000 मी. खोलीवर. उत्तर पॅसिफिकमधील आढळ मात्र वादाचा आहे. माँटेरे बे अ‍ॅक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटच्या दूरनियंत्रित पाणयानाने कॅलिफोर्निया व हवाईलगत टिपलेले असेच मासे 2016 मध्ये ‘हायड्रोलॅगस सीएफ. ट्रोली’ या नावाने नोंदले गेले. ‘सीएफ.’ म्हणजे ‘तुलना करा’. ओळख संभाव्य आहे, निश्चित नाही, असा त्याचा संकेत. हे अक्षरद्वय गाळून ‘निळी घोस्ट शार्क कॅलिफोर्नियात सापडली’ असे लिहिणे चूक ठरते. निळा रंग हा चित्रफितीत दुबळा पुरावा होय: पाणी लाल प्रकाश आधी शोषते, त्यामुळे दिव्यापासून दूर असलेला करडा मासाही निळा दिसू शकतो. ओळख पक्की करण्यास प्रत्यक्ष नमुना हवा: काट्याची उंची, परांमधील अंतरे, नराच्या समागमाच्या अवयवांची रचना, डोक्यावरील नलिकांच्या शाखा आणि डीएनए. नमुना हाती आला तरी मापे जपून घ्यावी लागतात. शेपटीचा चाबकासारखा तंतू जाळ्यात हमखास तुटतो, म्हणून एकूण लांबीवर विसंबत नाहीत. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या वरच्या पराच्या आरंभापर्यंतची लांबी घेऊन इतर मापे तिच्या प्रमाणात देतात. नाजूक कातडी सोलवटते आणि परिरक्षक द्रवात रंग बदलतो. रंगाची नोंद मासा वर येताच करावी. ‘सीएफ.’ कायम ठेवणे हेच सध्या अधिक सयुक्तिक दिसते.

चित्रफितींतील मासे खडकाळ उंचवट्यांजवळ दिसले, इतर बरेच कायमेरा सपाट, गाळाच्या तळावर आढळतात. भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगत मिळणारा निओहॅरिओटा हा लांब नाकाच्या वेगळ्या कुलातील कायमेरा आहे. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या संकटग्रस्ततेच्या सूचीत हा. ट्रोली ‘किमान चिंता’ या वर्गात येतो.