उल्का, अशनी, लघुग्रह : नावांमागचा इतिहास

अवकाशात भटकतो तोवर उल्काभ, वातावरणात शिरल्यावर दिसणारी प्रकाशरेषा म्हणजे उल्का, त्यातून उरून जमिनीवर पडलेला तुकडा म्हणजे अशनी. सूर्याभोवती फिरणारा मोठा खडक असेल तर लघुग्रह. शाळेच्या पुस्तकात हे चार ओळींत उरकतं. पण ही नावं कोणी एका बैठकीत ठरवलेली नाहीत. आकाशातला उजेड पाहणारे, दगड जमवणारे आणि ग्रह शोधणारे लोक निरनिराळे होते. आपल्या कामांचा एकमेकांशी संबंध आहे, हे त्यांना बऱ्याच उशिरा कळलं.

अ‍ॅरिस्टॉटलने उल्कांना ढग-वाऱ्यांच्याच पंगतीला बसवलं होतं आणि ही समजूत अठराव्या शतकापर्यंत टिकली. आकाशातून दगड पडला म्हणणाऱ्याला तर विद्वान वेड्यातच काढत. १४९२ साली अल्सासमधल्या एन्सिसहाइमजवळच्या शेतात मोठा दगड पडला, तो चर्चमध्ये जपलाही गेला, पण दैवी संकेत म्हणून. १७९४ मध्ये अर्न्स्ट क्लाडनीने पुस्तक लिहून हे दगड पृथ्वीबाहेरून येतात असं ठामपणे मांडलं. क्लाडनी शिक्षणाने कायद्याचा माणूस. साक्षीदारांच्या जबान्या त्याला भाकडकथा वाटल्या नाहीत, त्याचं कारण बहुधा हेच.

निकाल लागला तो फ्रान्समध्ये. २६ एप्रिल १८०३ रोजी भरदुपारी लेग्ल गावाच्या परिसरात धडाके ऐकू आले आणि हजारो दगड कोसळले. सरकारने तरुण भौतिकशास्त्रज्ञ ज्याँ-बातिस्त बिओला चौकशीला धाडलं. तो गावोगाव फिरला, लोकांना विचारत गेला आणि दगड कुठे कुठे पडले ते त्याने नकाशावर मांडलं. ती जागा लांबट, अंडाकृती निघाली. तिथल्या मातीत, खाणींत तसला दगड पूर्वी कोणी पाहिलेला नव्हता. त्याच्या अहवालानंतर शंका घेणं अवघड झालं. अशा ताज्या अशनीवर काळी, पातळ साल असते, बहुतेकदा मिलिमीटरभराचीच. तेवढाच थर वितळलेला असतो, आतला दगड जसाच्या तसा राहतो.

त्याच सुमारास, १ जानेवारी १८०१ रोजी, इटलीतल्या पालेर्मोत खगोलशास्त्रज्ञ जुझेप्पे पियाझ्झीला सूर्याभोवती फिरणारा सेरेस दिसला. पुढच्या वर्षी तसाच पॅलस सापडला. दुर्बिणीतून दोन्ही ताऱ्यासारखे ठिपकेच दिसत, म्हणून खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने त्यांचा वेगळा वर्ग केला, तोच लघुग्रहांचा. (सेरेसला २००६ पासून बटुग्रह म्हणतात.) लेग्लचे दगड आणि हे ठिपके यांचं नातं तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. १९५९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या प्रिब्रामवर पडलेल्या अशनीची उल्का कॅमेऱ्यांनी टिपली होती. त्यावरून तिची कक्षा काढता आली, तेव्हा ती मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत गेलेली आढळली.

उल्कावर्षावाची गोष्ट मात्र वेगळी. १८६६ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेल्लीने दाखवलं की ऑगस्टमधल्या ययाती उल्कावर्षावाचे कण स्विफ्ट-टटल धूमकेतूच्या कक्षेतून येतात. हे कण बहुधा वाळूएवढे आणि ठिसूळ, ते वरच संपतात. म्हणून उल्कावर्षावाच्या रात्री अंगणात दगड शोधण्यात अर्थ नाही.

व्याख्या मग मागाहून नीट केल्या गेल्या. १९६१ ची उल्काभाची आंतरराष्ट्रीय व्याख्या ‘लघुग्रहापेक्षा बराच लहान, अणूपेक्षा बराच मोठा’ इतकी ऐसपैस होती. २०१७ मध्ये ती ढोबळमानाने ३० मायक्रोमीटर ते १ मीटर अशी आवळली. ही १ मीटरची सीमा निसर्गाने आखलेली नाही, ती सोयीची आहे.

ऑक्टोबर २००८ मध्ये तर अ‍ॅरिझोनातल्या दुर्बिणीला सुमारे चार मीटरचा लघुग्रह दिसला आणि दिवसही उलटायच्या आत तो सुदानवर उल्का होऊन फुटला. पुढे खार्तूम विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी न्युबियन वाळवंट पिंजून त्याचे अशनी गोळा केले. ते तपासल्यावर एकाच लघुग्रहात निरनिराळ्या जातींचे दगड निघाले.