प्राइम लेन्स कंपनीची की बाहेरची? मूळ भांडण माउंटचं

ठाण्यात गुढीपाडव्याची शोभायात्रा जवळ आली किंवा दिवाळीत राम मारुती रोड फुलायला लागला की कॅमेरावाल्या पोरांचा प्रश्न ठरलेला, प्राइम (झूम नसलेली लेन्स) घ्यायचीय, कॅमेऱ्याच्याच कंपनीची घेऊ की सिग्मा-टॅमरॉनसारख्या बाहेरच्या कंपनीची? मग एक जण म्हणणार कंपनीची ती कंपनीचीच, दुसरा म्हणणार अरे कमी पैशात तेवढीच शार्प मिळतेय. दोघंही काचेवरून भांडतात. मला विचाराल तर आधी माउंटचा, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते त्या जोडाचा, इतिहास बघा, कारण बाहेरच्या लेन्सचं बरं-वाईट जे काही झालं ते बहुतेक तिथेच झालंय.

मुळात दुसऱ्याची लेन्स लावण्यात कमीपणा नव्हताच. १९३६ चा हान्सा कॅनन, कॅननचा बाजारात आलेला पहिला कॅमेरा, त्याच्यावर लेन्स होती निकॉर, म्हणजे आजच्या निकॉनवाल्यांची! पुढे १९५७ ला टॅमरॉनने टी-माउंट आणला, मागची रिंग बदलली की तीच लेन्स वेगळ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला बसायची. सिग्मा आली १९६१ ला. तेव्हा हे जमायचं कारण लेन्स आणि बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) एकमेकांशी बोलतच नव्हत्या, खाच आणि लिव्हर जुळले की काम झालं.

१९८७ ला कॅननने ईएफ माउंट काढला आणि सगळं फिरलं. फोकसची मोटर लेन्समध्ये, अॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र, तेसुद्धा विजेवर, आणि सगळा कारभार त्या मागच्या सोनेरी पिनांमधून. स्वतःच्याच जुन्या एफडी लेन्सवाल्यांना कॅननने वाऱ्यावर सोडलं, तिथे बाहेरच्यांना कोण विचारतंय. त्यांनी मग बॉडी काय सिग्नल पाठवते, लेन्स काय उत्तर देते हे बघून बघून नक्कल केली. ती नक्कल त्या वेळच्या बॉडीपुरती चालली, पण पुढे नवीन बॉडीने जरा वेगळं काही विचारलं की जुनी सिग्मा गप्प, शटर दाबलं की स्क्रीनवर एरर ९९, कॅमेरा बंद करा, बॅटरी काढा, परत घाला. काच ठणठणीत, लेन्स मात्र कपाटात. काही लेन्सची चिप सिग्माने बदलून दिली, काहींना तोही इलाज नव्हता. 'बाहेरची लेन्स म्हणजे रिस्क' हे जे अजून ऐकू येतं ना, त्यातला बराचसा भाग इथून आलाय.

पण कंपनीची घेतली म्हणजे निर्धास्त, असंही नाही हं. निकॉनने १९५९ चा एफ माउंट तसाच ठेवला, छान केलं, पण २००६ ला डी४० काढताना बॉडीतली फोकस मोटर काढून टाकली, नंतरच्या डी३००० आणि डी५००० लाही ती नाही. त्यामुळे निकॉनचीच ५० एमएम १.८ डी, जिच्यात स्वतःची मोटर नाही, या बॉडींवर बसते पण ऑटोफोकस करत नाही. नवशिक्याला हे कोण सांगणार? मोटरवाली ३५ एमएम १.८ जी आली २००९ ला, ५० एमएम १.८ जी त्यानंतर २०११ ला.

काचेचा वाद माझ्या मते २०१२ ला मिटला. त्या वर्षाच्या सुरुवातीला सिग्माचे संस्थापक मिचिहिरो यामाकी गेले, मुलगा काझुतो यांच्याकडे सूत्रं आली, आणि त्याच वर्षी फोटोकिना या जर्मनीतल्या कॅमेरा प्रदर्शनात आर्ट सिरीजची ३५ एमएम १.४ आली. कॅननच्या महागड्या ३५ एमएम एल लेन्सपेक्षा स्वस्त आणि शार्पनेसला तिच्या तोडीची, बऱ्याच जणांच्या टेस्टमध्ये तर सरसच. सोबत यूएसबी डॉक पण काढला, म्हणजे लेन्सचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) घरबसल्या अपडेट करता येतं, एरर ९९ च्या जुन्या दुखण्यावर हे खरं औषध होतं.

तेव्हापासून प्रश्न एवढाच राहिला की कुठली कंपनी दार उघडते. सोनीने २०११ लाच ई-माउंटची माहिती इतरांना द्यायला सुरुवात केली, म्हणून आज सोनीवाल्यांकडे स्वस्त प्राइमची नुसती चंगळ आहे. फक्त ए१ सारख्या फास्ट बॉडीवर बाहेरच्या लेन्सला सेकंदाला १५ फ्रेमच मिळतात, पण ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये फ्लॅशशिवाय नाचाचा कार्यक्रम टिपायला तेवढे कुणालाही पुरतात. कॅननने मात्र २०१८ चा आरएफ माउंट बंद ठेवला. २०२२ ला व्हिल्ट्रॉक्सला आरएफच्या ऑटोफोकस लेन्स विकणं थांबवावं लागलं, पेटंटचा मुद्दा होता. २०२४ ला सिग्मा आणि टॅमरॉनला लायसन्स मिळालं खरं, पण घोषणा झाली ती एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीच्या लेन्सचीच.

म्हणून सोनी असेल तर सिग्मा बिनधास्त घ्या. आरएफ फुल फ्रेम असेल तर कॅननची ५० एमएम १.८ एसटीएम घ्या, किंवा फोर्टात बोरा बाजारला जाऊन जुनी ईएफची सिग्मा आर्ट बघा, ईएफ लेन्स आरएफला जोडणारा अॅडॉप्टर आणि स्वतःची बॉडी बरोबर न्या आणि तिथेच लावून, फोकस बघून, मगच पैसे द्या.