फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतरची लोकचिंता

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्येकडील तोहोकू विभागात भूकंप झाला, त्यापाठोपाठ त्सुनामी आली आणि तिच्या तडाख्याने फुकुशिमा दाइइची अणुवीजकेंद्रात दुर्घटना घडली. या तिहेरी आपत्तीनंतर जपानी समाजात आणि काही प्रमाणात जगभर जी धास्ती पसरली व पुढे वर्षानुवर्षे टिकून राहिली, तिचा विचार या नोंदीत केला आहे. जपानी भाषेत या मनःस्थितीला ‘फुआन’ म्हणतात. ‘स्वस्थ नसणे’ हा त्याचा शब्दशः अर्थ. ‘आनझेन’ (सुरक्षितता) आणि ‘आनशिन’ (निर्धास्तपणा) हे दोन शब्द ‘फुआन’मधल्याच ‘आन’ या अक्षराने सुरू होतात व जपानी सरकारी भाषेत ते नेहमी जोडीने येतात. दुर्घटनेनंतर ही जोडी फुटली. मोजमापाने सुरक्षितता सिद्ध झाली तरी निर्धास्तपणा येईना, कारण मोजणाऱ्यावरचा विश्वास उडाला होता.

भूकंप दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी झाला आणि त्याची तीव्रता ९.० होती. केंद्रातील सहापैकी चालू असलेल्या तीन अणुभट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद पडल्या. परंतु सुमारे ५.७ मी. उंचीची लाट गृहीत धरून रचना केलेल्या या केंद्रावर साधारण १४ ते १५ मी. उंचीची लाट आली, आपत्कालीन डिझेल जनित्रे पाण्याखाली गेली आणि इंधन थंड ठेवण्याची यंत्रणा ठप्प झाली. तिन्ही भट्ट्यांमधील इंधन वितळले. १२, १४ व १५ मार्च रोजी अनुक्रमे १, ३ व ४ क्रमांकाच्या इमारतींमध्ये हायड्रोजनचे स्फोट झाले. त्सुनामीने सुमारे १६,००० माणसांचा बळी घेतला आणि अडीच हजारांचा पत्ता लागला नाही, ही गोष्ट पुढचे सर्व वाचताना ध्यानात ठेवली पाहिजे. जगाचे लक्ष अणुकेंद्राकडे वळले तेव्हा किनाऱ्यावर लोक आपापल्या माणसांची प्रेते शोधत होते.

पहिल्या रात्री सरकारने केंद्रापासून ३ किमी. परिसर रिकामा करण्याचा आदेश दिला, पहाटे ही मर्यादा १० किमी. केली आणि संध्याकाळपर्यंत ती २० किमी.वर नेली. दोन दिवसांचे कपडेही न घेता निघालेल्या कुटुंबांपैकी काहींना चार-पाच वेळा मुक्काम हलवावा लागला. याच सुमारास अमेरिकेने आपल्या नागरिकांना ८० किमी. दूर जाण्याचा सल्ला दिला. एकाच संकटासाठी २० आणि ८० असे दोन आकडे ऐकल्यावर सामान्य माणूस काय करणार? तो मोठा आकडा धरून चालतो. त्यात मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव युकिओ एदानो दूरचित्रवाणीवरून वारंवार सांगत होते, की या पातळीचा शरीरावर ‘लगेच’ परिणाम होणार नाही. मूळ जपानी शब्द ‘तादाचिनी’. वैद्यकीय अर्थाने विधान चूक नव्हते. पण लोकांनी त्यातला ‘लगेच’ तेवढा उचलला आणि मग नंतरचे काय, हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला. धीर देण्यासाठी वापरलेला हा शब्द पुढे कुचेष्टेचा विषय झाला.

विश्वास उडण्यास याहून ठोस कारणेही होती. किरणोत्सारी द्रव्ये वाऱ्याबरोबर कोणत्या दिशेला जातील याचा अंदाज बांधणारी ‘स्पीडी’ नावाची संगणकीय यंत्रणा सरकारपाशी होती, परंतु तिचे निष्कर्ष २३ मार्चपर्यंत जनतेसमोर आले नाहीत. दरम्यान नामिए गावचे हजारो रहिवासी वायव्येकडील त्सुशिमा या डोंगराळ भागात आश्रयाला गेले होते, आणि १५ मार्चला किरणोत्सारी लोट नेमका त्याच दिशेने जाऊन पाऊस व हिमाबरोबर जमिनीवर उतरला. जिथे जीव वाचवायला गेलो तिथेच मुलांना घेऊन उघड्यावर वावरलो, हे कळल्यावर त्या आईबापांना लागलेला घोर कोणत्याही आकडेवारीने निघण्यासारखा नव्हता. इइताते हे सुमारे ६,००० वस्तीचे गाव २० किमी.च्या वर्तुळाबाहेर, पण लोटाच्या वाटेवर होते; ते रिकामे करण्याचा निर्णय २२ एप्रिलला झाला. केंद्राची मालक असलेल्या तोक्यो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीने (टेप्को) इंधन वितळल्याचे मे महिन्यात मान्य केले. ‘मेल्टडाउन’ हा शब्द वापरू नये, अशी सूचना त्या वेळी कंपनीच्या वरिष्ठ पातळीवरून होती, ही गोष्ट २०१६ मध्ये उघड झाली व कंपनीने माफी मागितली.

राजधानी तोक्यो केंद्रापासून २०० किमी.हून अधिक दूर आहे. तिथे चिंता नळातून आली. कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किलोग्रॅममागे २१० बेकरेल (किरणोत्सारिता मोजण्याचे एकक) इतके आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी द्रव्य आढळल्याचे २३ मार्चला जाहीर झाले. प्रौढांसाठी मर्यादा ३००, तान्ह्या मुलांसाठी १००. म्हणजे त्याच नळाचे पाणी आईने प्यायला हरकत नव्हती, पण बाळाच्या दुधाच्या पावडरीत ते घालायचे नव्हते. दुपारी बातमी आली आणि दुकानांतल्या बाटल्या बघता बघता संपल्या. महानगर प्रशासनाने सुमारे ८०,००० बालकांसाठी प्रत्येकी ५५० मिलि.च्या तीन बाटल्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी प्रमाण ७९ वर आले व सूचना मागे घेतली गेली. मात्र पाणी विकत घेण्याची सवय अनेक घरांत टिकली. महानगराच्या एदोगावा विभागात, विशेषतः निशिकासाई परिसरात, भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती असून त्यांत मराठी घरेही आहेत. त्या दिवसांत अनेक परदेशी नागरिकांप्रमाणे भारतीयांनीही मायदेश किंवा दक्षिण जपान गाठले. पळून जाणाऱ्या परदेशी माणसासाठी तेव्हा ‘फ्लायजिन’ असा टोमणेवजा शब्द निघाला. ‘गाइजिन’ म्हणजे परका, आणि त्याला जोडलेले उड्डाण.

बेकरेल आणि शरीराला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा मोजणारी सीव्हर्ट, मायक्रोसीव्हर्ट ही एकके तोवर शास्त्रज्ञांपुरती होती. काही आठवड्यांत ती बाजारहाटाच्या बोलण्यात आली. सर्वांत मोठा वाद मुलांवरून झाला. शिक्षण मंत्रालयाने १९ एप्रिलला शाळांच्या मैदानांसाठी वर्षाला २० मिलिसीव्हर्ट हा तात्पुरता निकष धरला. सामान्य नागरिकांसाठी एरवीची मर्यादा १ मिलिसीव्हर्ट असल्यामुळे पालक खवळले. पंतप्रधानांचे सल्लागार, किरणोत्सर्ग-सुरक्षेचे प्राध्यापक तोशिसो कोसाको यांनी मुलांसाठी हा निकष आपण मान्य करू शकत नाही, असे डोळ्यांत पाणी आणून सांगितले व राजीनामा दिला. एका तज्ज्ञाचे रडणे साऱ्या देशाने पाहिले, त्यानंतर बाकीच्या तज्ज्ञांचे समजावणे फुकट गेले. मेअखेरीस मंत्रालयाने शाळेतील मात्रा १ मिलिसीव्हर्टच्या आत आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. तोपर्यंत लोकांनी मोजणी स्वतःच्या हाती घेतली होती. गायगर गणित्रे (किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रे) बाजारात मिळेनाशी झाली आणि ‘सेफकास्ट’ या नागरिकांच्या गटाने मोटारीच्या खिडकीला मोजणीयंत्र टांगून गल्लीबोळांची किरणोत्सर्ग-नोंद घेण्यास सुरुवात केली. या चिंतेला निव्वळ अज्ञान म्हणून झटकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की मोजायला शिकलेल्यांत गृहिणी आणि शेतकरी मोठ्या संख्येने होते.

या भीतीला जपानमध्ये इतिहास होता. हिरोशिमा व नागासाकी येथील बाँबहल्ल्यांतून वाचलेल्यांना, म्हणजे हिबाकुशांना, लग्न जमवताना व नोकरी मिळवताना डावलले जात असे. १९५४ मध्ये बिकिनी बेटावरील अमेरिकेच्या हायड्रोजन बाँबचाचणीची राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या मासेमारी नौकेवर पडली, तेव्हा ट्यूना मासळी जमिनीत पुरून टाकावी लागली आणि अण्वस्त्रविरोधी निवेदनावर ३ कोटींहून अधिक सह्या झाल्या. त्या मोहिमेत तोक्योतील सुगिनामी भागातील स्त्रियांचा पुढाकार होता. तरीही पुढच्या दशकांत अणुवीज ‘पूर्ण सुरक्षित’ असल्याची समजूत सरकार व उद्योगांनी रुजवली. धोका नाहीच असे ठरल्यावर त्याच्याशी वागायचे कसे हे शिकवण्याचा प्रश्न उरला नाही, आणि प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा अधिकारी व नागरिक दोघेही सारखेच गांगरले.

अफवांची कमतरता नव्हती. चिबा येथील तेलशुद्धीकरण कारखान्याच्या आगीमुळे विषारी पाऊस पडेल, असे साखळी-संदेश पहिल्याच दिवसापासून फिरले व ते खोटे ठरले. बीबीसीच्या नावाने एक बनावट लघुसंदेश आशियाभर पसरला. त्यात पावसात भिजू नये आणि गळ्याला आयोडीनचे औषध लावावे, असा सल्ला होता. फिलिपिन्समध्ये त्याने शाळा-महाविद्यालयांपर्यंत घबराट पोहोचवली. चीनमध्ये आयोडीनयुक्त मिठाने किरणोत्सर्ग रोखला जातो या समजुतीपायी मार्चच्या मध्यास मिठावर झुंबड उडाली. भारताने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जपानी खाद्यपदार्थांच्या आयातीवर तीन महिन्यांची बंदी जाहीर केली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली.

चिंतेचा सर्वांत टिकाऊ आर्थिक परिणाम ‘फूह्यो हिगाई’ या नावाने ओळखला जातो. माल निर्दोष असूनही बदनामीमुळे होणारे नुकसान, असा त्याचा अर्थ. मात्र फुकुशिमातील सगळाच माल सुरुवातीपासून निर्दोष नव्हता. जुलै २०११ मध्ये उघड्यावर पडलेला पेंढा खाल्लेल्या गुरांच्या मांसात किरणोत्सारी सीझियम सापडले आणि ते मांस आधीच बाजारात गेल्याचे कळले. म्हणून ग्राहकाच्या नकाराला सरसकट ‘बदनामी’ म्हणणे शेतकऱ्याला सोयीचे असले तरी पूर्ण खरे नाही. एप्रिल २०१२ पासून किलोग्रॅममागे १०० बेकरेल ही कडक मर्यादा लागू झाली व त्या वर्षीच्या हंगामापासून प्रांतातील तांदळाचे प्रत्येक पोते तपासले जाऊ लागले. ३० किलोची कागदी पोती सरकपट्ट्यावरून एकामागून एक शोधकाखाली यायची, काही सेकंद थांबायची, पडद्यावर निकाल उमटला की पोत्यावर तपासणीची चिठ्ठी चिकटायची आणि पुढचे पोते सरकायचे. वर्षाला सुमारे १ कोटी पोती. पहिल्या हंगामात त्यांतली ७१ मर्यादेबाहेर निघाली, तिसऱ्या हंगामात २, आणि २०१५ च्या पिकापासून एकही नाही. तरी हा तांदूळ बऱ्याच अंशी नाव न छापता उपाहारगृहांकडे व व्यावसायिक वापराकडे वळला.

क्योतो येथील प्रसंग तर अधिकच बोलका आहे. तिथे दरवर्षी १६ ऑगस्टला पूर्वजांच्या आत्म्यांना निरोप देण्यासाठी डोंगरांवर होळ्या पेटवतात. २०११ मध्ये त्सुनामीने उद्ध्वस्त केलेल्या रिकुझेनताकाता येथील पाइन वृक्षांच्या लाकडावर मृतांच्या आप्तांनी लिहिलेले संदेश त्या होळीत घालण्याचे ठरले. हे गाव अणुकेंद्राच्या बरेच उत्तरेला, दुसऱ्याच प्रांतात आहे आणि लाकडाच्या तपासणीत काही आढळलेही नव्हते. तरी धूर व राखेच्या धास्तीने लोकांनी हरकती घेतल्या व बेत रद्द झाला. देशभर टीका झाल्यावर नवे लाकूड मागवले, तर त्याच्या सालीत सीझियम निघाले आणि पुन्हा नकार गेला. पहिल्या वेळी भीती निराधार होती, दुसऱ्या वेळी आधार होता. दुखावले मात्र दोन्ही वेळा तेच लोक गेले.

घराच्या आत ही चिंता बायकांच्या वाट्याला जास्त आली. धुणे बाहेर वाळत घालावे का, मुलाला मातीत खेळू द्यावे का, सासऱ्यांनी परसात पिकवलेली भाजी रांधावी का, असे निर्णय रोजचे होते आणि प्रत्येकावर कोणी ना कोणी नाराज. आदेश नसतानाही अनेक आया मुलांना घेऊन दूरच्या प्रांतांत राहायला गेल्या, नवरे नोकरीसाठी मागे राहिले. अशा ताणातून झालेल्या काडीमोडांसाठी ‘गेनपात्सु रिकोन’ (अणुघटस्फोट) हा शब्द रूढ झाला. कोरियामा शहरात शाळेच्या मैदानांची वरची माती खरवडून काढली गेली आणि डिसेंबर २०११ मध्ये छपराखाली वाळूचा खड्डा असलेले क्रीडागृह उघडले, जेणेकरून मुलांना निदान वाळूत हात घालता यावा. परगावी गेलेल्या मुलांनाही सुख नव्हते. योकोहामा येथील एका मुलाला वर्गमित्र ‘जंतू’ म्हणून हिणवत व भरपाईचा पैसा आहे म्हणून त्याच्याकडून पैसे उकळत, हे २०१६ मध्ये उजेडात आले.

किरणोत्सर्गाचा आरोग्यावर प्रत्यक्ष परिणाम किती, याविषयी संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीने काढलेला निष्कर्ष असा, की रहिवाशांच्या आरोग्यावर थेट किरणोत्सर्गामुळे झालेला दुष्परिणाम आढळलेला नाही, आणि मुलांमध्ये अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या कर्करोगाची जी अधिक प्रकरणे सापडली ती अतिसंवेदनशील श्राव्यातीत (सोनोग्राफी) तपासणीमुळे उघडकीस आली असावीत. याउलट स्थलांतराने माणसे मेली. ओकुमा येथील एका रुग्णालयातील व जवळच्या वृद्धाश्रमातील रुग्णांना बसमधून तासन्‌तास हलवताना व त्यानंतर अनेकांचा अंत झाला. फुकुशिमा प्रांतात विस्थापन, खंडित उपचार व खचलेपण यांमुळे झालेले ‘आपत्तिसंबद्ध मृत्यू’ २,३०० हून अधिक असून ते तिथल्या भूकंप-त्सुनामीच्या थेट बळींपेक्षा जास्त आहेत. विस्थापित प्रौढांच्या २०११-१२ च्या पाहणीत १४.६ टक्के लोक तीव्र मानसिक ताणाखाली आढळले. जपानमधील एरवीचे प्रमाण सुमारे ३ टक्के धरले जाते. चिंतेनेच अधिक नुकसान केले, असा निष्कर्ष यावरून काही जण काढतात. तो अर्धवट आहे. घर, शेत, शेजार एका रात्रीत सुटलेल्या माणसाचे खचणे हे भीतीचे फळ नसून हानीचे आहे.

चिंतेला राजकीय रूपही आले. २०१२ च्या वसंतापासून पंतप्रधान निवासासमोर दर शुक्रवारी निदर्शने होऊ लागली. जर्मनीने अणुवीज टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय घेतला व इटलीत जून २०११ च्या सार्वमताने ती नाकारली. महाराष्ट्रात याचा थेट धक्का रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर प्रकल्पाला बसला. माडबन व साखरी नाटे येथील शेतकरी आणि मच्छीमारांचा ९,९०० मेगावॉटच्या या नियोजित केंद्राला आधीपासून विरोध होता. जमीन, मासळी, भूकंपप्रवणता हे त्यांचे मुद्दे फुकुशिमानंतर एकदम साऱ्या राज्याचे झाले, आणि एप्रिल २०११ मध्ये आंदोलनात झालेल्या गोळीबारात एकाचा मृत्यू झाला. तारापूरच्या १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्या फुकुशिमाप्रमाणेच उकळत्या पाण्याच्या प्रकारातील असल्याने त्यांच्या सुरक्षिततेची फेरतपासणी झाली.

२४ ऑगस्ट २०२३ पासून केंद्रात साठवलेले, शुद्धीकरण केलेले पण ट्रिटियमयुक्त (ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप) पाणी समुद्रात सोडण्यास प्रारंभ झाला आणि जुनी धास्ती पुन्हा वर आली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ही योजना सुरक्षिततेच्या निकषांशी सुसंगत ठरवली होती. तरी चीनने जपानी समुद्री अन्नाची आयात थांबवली आणि दक्षिण कोरियात, पाणी सोडण्याच्या आधीच, लोकांनी समुद्रमिठाचा साठा केला. फुकुशिमाच्या मच्छीमारांची तक्रार वेगळी होती. संबंधितांची संमती असल्याशिवाय पाण्याची विल्हेवाट लावणार नाही, असे सरकार व टेप्कोने त्यांना २०१५ मध्ये लेखी कळवले होते. ती संमती आपण दिलेली नाही, असे ते म्हणत राहिले.