टेस्ट झाल्यावर पार्ट बदलू नका : सायकल निर्यात करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"सायकलचा टेस्ट रिपोर्ट हातात आलाय, आता कंटेनर कधी लावायचा?" हा फोन आम्हाला वरचेवर येतो. उत्तर खरं तर तुमच्या पर्चेसवाल्याकडे असतं.

आयईसी (आयात-निर्यात कोड), एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र), ८७१२ या सायकलच्या कस्टम्स कोडखालचं शिपिंग बिल, ओरिजिन सर्टिफिकेट हे तुम्हाला ठाऊक आहे. ते आम्ही करतोच आणि त्याला फार दिवस लागत नाहीत. गाडी अडते ती फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्यावर. युरोपचा खरेदीदार आयएसओ ४२१० चा, म्हणजे सायकलच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा रिपोर्ट मागतो. आपण नमुना लॅबला देतो, फ्रेम-फोर्कची फटीग (पुन्हा पुन्हा भार देऊन) आणि इम्पॅक्ट (धक्का देऊन) टेस्ट, ब्रेक, हँडल, सगळं पास होतं. मग ऐन उत्पादनात फोर्कवाल्याकडे माल नसतो आणि दुसऱ्याकडून 'सेम टू सेम' उचलला जातो. शंभर-दोनशे रुपये वाचले म्हणून वर कौतुकही होतं.

रिपोर्ट मॉडेलच्या नावाला मिळत नाही. जी फ्रेम, जो फोर्क, जो क्रँक (पेडलचा दांडा) लॅबमध्ये तपासला, त्याच जोडणीला तो लागू असतो. सारख्या रंगाच्या दोन फोर्कच्या नळीची जाडी आणि वेल्डिंग वेगळं असू शकतं. खरेदीदाराचा इन्स्पेक्टर खोका उघडून रिपोर्टमधल्या फोटोशी ताडून बघतो. फरक दिसला की माल थांबतो, पुन्हा टेस्ट, पुन्हा लॅबची रांग, आणि तिकडचा उन्हाळी सीझन निघून जातो. त्या काळात आमची माणसंही दुसऱ्या कुणाचं काम करू शकत नाहीत.

म्हणून आम्ही पार्टची यादी सप्लायरच्या नावासकट लेखी घेतो आणि एक सायकल सील करून ठेवतो. बदल करायचा असेल तर आधी कळवा. काही बदलांना पुन्हा टेस्ट लागत नाही, ते आम्ही लॅबला विचारून सांगतो. काहींना ही नाटकं वाटतात. वाटू देत.

सायकलच्या 'जायंट' या मोठ्या ब्रँडचं उदाहरण बरेच जण देतात, तर तेही पूर्ण बघा. १९७२ साली तैवानातल्या दाजियामध्ये ही कंपनी सुरू झाली, तेव्हा एका कारखान्याचा टायर दुसऱ्याच्या रिमवर नीट बसत नसे. मालक किंग लिऊ यांनी सप्लायरांच्या मागे लागून जपानी मापं रुजवली. मग अमेरिकेच्या 'श्विन' या सायकल कंपनीच्या ऑर्डरी आल्या, १९८१ मध्ये स्वतःचा ब्रँड आणि १९८६ मध्ये नेदरलँड्समध्ये युरोपचं ऑफिस. पुढे श्विनने चीनमधला दुसरा उत्पादक धरला, तेव्हा जायंटजवळ स्वतःचं नाव होतं. पहिल्याच कंटेनरवर स्वतःचा ब्रँड छापायची घाई नको, पण एकाच खरेदीदारावर सगळा कारखानाही टाकू नका, असं आमचं मत.

देशाप्रमाणे जोडणी बदलते. ब्रिटनमध्ये पुढचा ब्रेक उजव्या हाताला लागतो, युरोपात बहुतेक ठिकाणी डाव्या. अमेरिकेचे रिफ्लेक्टर आणि ब्रेकचे नियम वेगळे. आयएसओचा रिपोर्ट तिथे जसाच्या तसा चालेल असं धरू नका.

चिनी पार्टबद्दलही आधीच बोला. चिनी सायकलींवर युरोपने २००५ पासून ४८.५ टक्क्यांपर्यंत अँटी-डंपिंग ड्युटी (फार स्वस्तात ओतलेल्या मालावरचा जादा कर) लावली आणि २०१३ मध्ये श्रीलंका, इंडोनेशिया, मलेशिया, ट्युनिशिया इथून येणारा मालही त्यात ओढला. दुसऱ्या देशात नुसती जोडणी करून या ड्युटीतून पळवाट काढली जाते का, हे बघताना एकूण पार्टच्या किमतीत चिनी पार्ट ६० टक्के किंवा जास्त आहेत का, हा एक निकष असतो. सप्लायरची बिलं जपून ठेवा.

पहिल्या भेटीला नुसता कॅटलॉग आणू नका. पार्टची यादी, फ्रेमचं ड्रॉइंग आणि कुठल्या देशात पाठवायचंय ते घेऊन या. यादी तपासून द्यायचे पैसे आम्ही घेत नाही. पुढचं काम आमच्याकडे दिलंत तर लॅबशी बोलणं, नमुना सील करणं आणि कागदपत्रं एकाच फीमध्ये होतात. यायच्या आधी पर्चेसवाल्यालाही हे पत्रक वाचायला द्या.