रोल केजच्या नळीची निवड

रोल केज म्हणजे गाडी उलटली तरी आतल्या माणसांभोवतीची जागा चेपू नये, यासाठी पोलादी नळ्या वाकवून आणि जोडून केलेला पिंजरा. खडकाळ वाटांसाठी घरी गाडी बांधणारे हा पिंजराही बहुधा स्वतःच करतात. नळी कोणती घ्यावी असा प्रश्न निघाला की बोलणे लगेच पोलादाच्या प्रतीवर जाते. प्रत्यक्षात पिंजरा किती टिकेल हे आधी नळीचा बाहेरचा व्यास, तिची जाडी आणि सांध्यांचे काम यांवर ठरते. मिश्रधातूचा विचार त्यानंतरचा.

पाण्याचा पाइप या कामाला घेऊ नये. तो द्रवाचा दाब सांभाळण्यासाठी बनतो आणि त्याचे माप नाममात्र असते. दीड इंची पाइपाचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात ४८.३ मिमी भरतो. वर जस्ताचा मुलामा असेल तर वेल्डिंग करताना विषारी धूर निघतो आणि सांध्यात छिद्रे राहतात. पिंजऱ्याला लागते ती बाहेरचा व्यास आणि जाडी या दोन मापांनी विकली जाणारी ट्यूब.

तिचे नेहमीचे प्रकार चार. ईआरडब्ल्यू ही पट्टी गोल वळवून कडा विजेच्या उष्णतेने जोडलेली नळी. सर्वांत स्वस्त, आतून शिवणीची रेघ दिसणारी. डीओएम नळीचा जन्मही असाच होतो, पण नंतर ती थंड अवस्थेत साच्यातून आणि आतल्या दांड्यावरून ओढतात. त्यामुळे माप नेमके होते, शिवण जवळजवळ नाहीशी होते आणि ताकद वाढते. सीमलेस नळीत शिवण मुळातच नसते. चौथी ४१३० क्रमांकाची, म्हणजे क्रोमोली: सुमारे ०.३ टक्के कार्बन, जोडीला क्रोमियम आणि मॉलिब्डेनम.

क्रोमोलीबद्दल एक गैरसमज चिवट आहे. ती ‘ताठ’ असते असे सर्रास सांगितले जाते, पण सगळ्या पोलादांचा स्थितिस्थापकता गुणांक जवळपास सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल असतो. म्हणजे एकाच मापाची साधी आणि क्रोमोली नळी तेवढ्याच भाराला तेवढीच लवते. क्रोमोली कायमची वाकायला जास्त ताण लागतो, हे खरे. पण सामान्यीकरण केलेली (म्हणजे तापवून हवेत थंड होऊ दिलेली) क्रोमोली आणि चांगली डीओएम यांतले अंतर ऐकीव गोष्टींइतके मोठे नसते. शिवाय डीओएमला ओढण्यातून मिळालेली ताकद वेल्डच्या शेजारी उष्णतेने काहीशी उतरते, तर क्रोमोलीत तोच पट्टा घाईने थंड झाला की कडक आणि ठिसूळ होतो. टिगवर, म्हणजे टंगस्टनच्या टोकाने निष्क्रिय वायूच्या आवरणात करायच्या वेल्डिंगवर, हात बसलेला नसेल तर मऊ पोलाद बरे. ते तुटण्याआधी बरेच वाकते आणि धक्क्याची ऊर्जा पोटात घेते.

ताठरपणा येतो तो मापातून. बाहेरच्या आणि आतल्या व्यासांच्या चौथ्या घातांमधला फरक इथे कामाला येतो, म्हणून व्यास थोडा वाढवला तरी फायदा मोठा होतो. ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडीची नळी मीटरला सुमारे २.६ किलो भरते. ५० मिमी व्यासाची २ मिमी जाड नळी सुमारे २.४ किलो. दुसरी हलकी असूनही वाकण्याला जवळजवळ १५ टक्के जास्त विरोध करते. एफआयए या मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांत मुख्य कमानीसाठी (पुढच्या आसनांमागची उभी कमान) हीच दोन मापे पर्यायी दिली आहेत, उरलेल्या नळ्यांसाठी ३८ × २.५ किंवा ४० × २ मिमी. पण ही मापे शर्यतीच्या गाड्यांची. दगडांवर गाडी हळू कलंडते आणि सगळे वजन एखाद्या टोकदार खडकावर येते. तिथे पातळ नळीला पोचा पडतो, आणि पोचा पडलेली नळी दाबाखाली लवकर दुमडते. म्हणून दोन टनांच्या आसपासच्या गाड्यांत पावणेदोन इंच व्यास आणि ०.१२० इंच, म्हणजे ३ मिमीच्या किंचित वर जाडी हे माप रूढ झाले. या मापाच्या नळीचे वजन मीटरला सुमारे ३.१ किलो. अशा ३० मीटर नळीने ९० किलोंहून जास्त वजन चढते आणि त्यातले बरेच छताच्या उंचीवर बसते, म्हणजे गाडी उलटण्याची शक्यताच वाढते. दिसायला दणकट म्हणून वाटेल तिथे नळ्या घालण्यात अर्थ नाही.

बाहा एसएई या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत २५.४ मिमी व्यास, ३ मिमी जाडी आणि किमान ०.१८ टक्के कार्बन हे मूळ माप धरतात. वेगळी नळी वापरायची तर वाकण्यातली तिची ताकद आणि ताठरपणा तेवढा तरी आहे, हे गणिताने दाखवावे लागते. ही पद्धत उचलण्याजोगी आहे. माप मात्र उचलू नये. त्या गाड्या हलक्या आणि एका माणसाच्या असतात.

वाकवताना चांगली नळीही वाया जाते. पाइपासाठीच्या हायड्रॉलिक बेंडरचे साचे पाइपाच्या मापाचे असतात. त्यात ट्यूब चपटी होते, आतल्या बाजूला चुण्या पडतात. नळीच्या नेमक्या व्यासाचा फिरता साचा हवा. एफआयए वाकाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट मागते. वाकाच्या बाहेरच्या बाजूला नळी ताणून पातळ होते, त्यामुळे नियमातल्या किमान जाडीवर अगदी काठाकाठाने खरेदी करू नये. ईआरडब्ल्यूची शिवण वाकाच्या आत किंवा बाहेर न ठेवता बाजूला, जिथे ताण सर्वांत कमी तिथे घ्यावी. सांध्यावर एका नळीचे टोक दुसरीच्या गोलाईत फटीशिवाय बसले पाहिजे. फट वेल्डने भरून काढणे म्हणजे कच्चा सांधा.

स्पर्धेत उतरायचे असेल तर नळी घेण्याआधीच त्या स्पर्धेचे नियमपुस्तक पाहावे, कारण काही ठिकाणी ईआरडब्ल्यू चालतच नाही आणि जाडी तपासण्यासाठी नळीला छोटे भोक पाडून ठेवावे लागते. खरेदीच्या वेळी कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र मागावे आणि जाडी व्हर्निअरने स्वतः मोजावी. गाडी उलटून एखादी नळी वाकली, तर ती तापवून किंवा ठोकून सरळ करत नाहीत. कापून तिथे त्याच मापाची नवी घालतात आणि शेजारचे सांधे भेगांसाठी तपासतात.