सागरी वाऱ्यांचे उपग्रह-रडारद्वारे मापन

समुद्राच्या पृष्ठभागावरील वाऱ्याचा वेग व दिशा उपग्रहावरील रडारने ठरविण्याची पद्धत. प्रत्यक्ष वारा रडारला दिसत नाही. दिसतो तो त्याने पाण्यावर उठवलेला खडबडीतपणा. मालवणच्या धक्क्यावरून पाहिले, तर निवांत, आरशासारख्या पाण्यावर झुळूक उतरताच तेवढाच पट्टा बारीक सुरकुत्यांनी गडद होतो. रडारला मात्र याच्या उलट दिसते : तिरप्या सोडलेल्या लहरी सपाट पाण्यावरून पलीकडे निसटतात व तो भाग काळा राहतो, तर काही सेंटिमीटर लांबीच्या तरंगांवरून त्या उपग्रहाकडे परततात. परतणाऱ्या संकेताच्या तीव्रतेवरून पृष्ठभागापासून १० मीटर उंचीवरील वाऱ्याचा वेग काढतात. वाऱ्याच्या रोखाने पाहता संकेत प्रबळ, आडव्या बाजूने पाहता क्षीण मिळतो; म्हणून एकच जागा निरनिराळ्या कोनांतून पाहून दिशा ठरवितात. तरीही अनेकदा दोन परस्परविरुद्ध दिशा संभवतात व निवड हवामान-प्रारूपाच्या (वातावरणाच्या संगणकीय गणिताच्या) आधारे करावी लागते.

१९७८ च्या सीसॅट उपग्रहाने ही पद्धत अंतराळातून सिद्ध केली. असे मापन करणाऱ्या उपकरणास स्कॅटरोमीटर म्हणतात. भारताने ओशनसॅट-२ (२००९), स्कॅटसॅट-१ (२०१६) व ईओएस-०६ (२०२२) या उपग्रहांवर ते पाठविले.

कोकणासाठी खरी अडचण किनाऱ्यालगत येते. स्कॅटरोमीटर साधारण २५ किलोमीटरच्या चौकटीत सरासरी वारा देतो, आणि त्या चौकटीत जमीन शिरली की तिचा प्रबळ परावर्तित संकेत समुद्राचा क्षीण संकेत झाकून टाकतो. हर्णै, देवगड येथील लहान होड्या जाळी टाकतात तो पट्टा नेमका हाच. दिवसाचे खारे वारे आणि रात्रीचे मतलई वारे यांची उलटापालटही येथेच ठळक असते. संश्लेषित छिद्र रडार (सिंथेटिक ॲपर्चर रडार; उपग्रहाच्या गतीचा उपयोग करून बारीक तपशिलाची प्रतिमा घेणारे रडार) सुमारे एक किलोमीटरपर्यंतचा तपशील देऊन ही उणीव बरीच भरून काढते, परंतु ते त्याच जागी काही दिवसांनी परतते आणि दिशेची माहिती त्याला बहुधा अन्यत्रून घ्यावी लागते.

पावसाचाही अडथळा येतो. सुमारे २ सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी मुसळधार सरींत विखुरतात व क्षीण होतात. ५ ते ६ सेंटिमीटरच्या लहरींना हा त्रास बराच कमी होतो. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’ या चक्रीवादळासारख्या वादळात, जेथे वारा सर्वाधिक तेथेच पाऊसही दाट असल्याने, हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. किनाऱ्यालगतच्या वाऱ्यासाठी म्हणूनच रत्नागिरी, वेंगुर्ले येथील वेधशाळांच्या नोंदी उपग्रहाच्या आकड्यांशी ताडून पाहाव्या लागतात. मात्र त्या नोंदींवर डोंगरउतारांचा व वस्तीचा परिणाम झालेला असतो, हे ध्यानात घेऊनच.