पडलेला सोबती आणि मेलेला सोबती

'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम खेळून आमच्या टेबलवर येणाऱ्या नव्या खेळाडूंच्या तोंडी एक शब्द हमखास असतो. सोबतीचे हिट पॉइंट (अंगात किती जीव उरलाय त्याचा आकडा) शून्यावर आले रे आले की, "मेला!" अरे, मेला नाही, पडलाय. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या खेळात या दोन शब्दांच्या मधल्या जागेतच सोबतीला वाचवता येतं, आणि घाईने उच्चारलेल्या एका "मेला"पायी ती जागा वाया जाताना मी इतक्यांदा पाहिलंय की आता हे एकदाचं लिहूनच काढतो.

व्हिडिओ गेममधलं तुम्हाला पाठ आहे. पडलेल्याला हात दिला की तो एका हिट पॉइंटवर उठतो. मेलाच, तर रिव्हिव्हिफाय या जिवंत करणाऱ्या मंत्राचा स्क्रोल वापरायचा, नाहीतर कॅम्पवर विदर्स नावाच्या पात्राला २०० सोन्याची नाणी द्यायची. घाई कसलीच नाही. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि समोरचा कुणी बाद झाला की जिवंत होऊन आत येतो, तसं ते मरण. त्या गेमला ते शोभतं.

टेबलवर (मी २०१४ च्या प्लेयर्स हँडबुक या नियमपुस्तकाप्रमाणे खेळवतो) नुसता हात देऊन कुणी उठत नाही. मेडिसिनचा १० चा चेक (वैद्यकीच्या कौशल्याची फाशावरची परीक्षा) जमला तर पडलेला स्थिर होतो, पण राहतो बेशुद्धच, आणि १ ते ४ तासांनी एका हिट पॉइंटवर जागा होतो. लगेच उभा करायचा तर औषध किंवा बरं करणारा मंत्र हवा. हा फरक एकदा सांगितला की लोकांच्या लक्षात राहतो.

लक्षात राहत नाही ते घड्याळ. पडलेल्याचं घड्याळ वेगळं आणि मेलेल्याचं वेगळं. पडलेला दर राउंडला स्वतःच्या पाळीला वीस बाजूंचा फासा टाकतो. १० किंवा जास्त आले तर यश, कमी आले तर अपयश. तीन यशं मिळाली की स्थिर, तीन अपयशं झाली की मृत्यू. १ पडला तर दोन अपयशं मोजायची, २० पडले तर तो तिथेच एका हिट पॉइंटवर डोळे उघडतो. शत्रूने जवळ येऊन वार केला आणि तो लागला तर तो क्रिटिकल धरतात, म्हणजे एकदम दोन अपयशं. हे सगळं चालू असताना तो जिवंत असतो. एका हिट पॉइंटचं औषधसुद्धा त्याला उठवतं. तिसरं अपयश झालं की मात्र पन्नास हिट पॉइंटचं औषध ओतूनही काही होत नाही. तिथे रिव्हिव्हिफायच लागतं, आणि त्याची एका मिनिटाची मुदत, म्हणजे सहा-सहा सेकंदांचे दहा राउंड, मृत्यूपासून सुरू होते. पडल्यापासून नाही, लढाई संपल्यापासूनही नाही.

आमच्याच खेळातलं सांगतो. भाड्याने घेतलेला एक तिरंदाज दुसऱ्या राउंडला पडला. "मेला," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी त्याच्यावरची नजर काढली. क्लेरिक (देवाच्या मंत्रांनी बरं करणारं पात्र) चाळीस फुटांवर होती, तिरंदाज तिला समोर दिसत होता. हीलिंग वर्ड हा बरं करणारा मंत्र साठ फुटांपर्यंत पोचतो आणि बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतली मुख्य कृती न घालवता, होतो. पहिल्या पातळीचे दोन स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) तिच्या शीटवर तसेच होते. तीन राउंड मी त्याचे फासे सगळ्यांसमोर टाकले: ७, ४, ९. पाचव्या राउंडला तो खरोखर गेला. आठव्याला लढाई संपली, तेव्हाही हातात चाळीसेक सेकंद होते आणि क्लेरिकच्या पिशवीत रिव्हिव्हिफायला लागणारा ३०० नाण्यांचा हिरा होता. पण तो तर कधीचाच मेला, असं समजून मंडळी आधी पेटीच्या कुलपाकडे वळली. कुलूप उघडेपर्यंत मिनिट सरलं होतं.

एक अपवाद ध्यानात ठेवा. २२ हिट पॉइंटच्या सोबतीचे ५ उरले असतील आणि २७ चा फटका बसला, तर शून्यावर येऊन उरलेले २२ त्याच्या कमाल हिट पॉइंटएवढे होतात. तो पडत नाही, जागीच मरतो. मिनिट तेव्हाच सुरू.

"एनपीसी आहे, शून्यावर आला की संपला," म्हणणारे डीएम, म्हणजे खेळ चालवणारे, मला अजिबात पटत नाहीत. एनपीसी म्हणजे खेळाडूंऐवजी डीएम चालवतो ते पात्र. राक्षसांच्या टोळीला तो हिशोब ठीक आहे. खास एनपीसींना खेळाडूंचेच नियम लावायची मुभा हँडबुकातच आहे, आणि २०२० च्या 'ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'मध्ये साइडकिकला, म्हणजे सोबतीच्या पात्राला, डेथ सेव्ह, म्हणजे वरचेच जगण्या-मरण्याचे फासे, स्पष्टपणे दिलेत. ज्याला नाव आहे, जो तुमच्या शेकोटीशी बसून जेवलाय, त्याला फासे मिळालेच पाहिजेत.

मिनिट चुकलं तर पुढे रेझ डेड हा मोठा मंत्र. मुदत दहा दिवस, ५०० चा हिरा, मंत्राला एक तास. आमच्या क्लेरिकची पातळी त्याला पुरत नव्हती, म्हणून तिरंदाजाला बैलगाडीत घालून सहा दिवस शहराकडे नेला. या मंत्रात आत्मा मोकळा असावा लागतो आणि त्याची यायची इच्छाही लागते. सोबतीच्या बाबतीत हे कुणी विचारतच नाही, त्याचा होकार गृहीत धरतात. मला ते खटकतं. देवळातल्या विधीच्या वेळी मी खेळाडूंना विचारलं, त्याने का परत यावं? टेबल बराच वेळ शांत होतं. मग क्लेरिक म्हणाली, "त्याची मजुरी द्यायची राहिलीय, आणि त्याच्या बहिणीला मी शब्द दिलाय."

तो आला. एका हिट पॉइंटवर, आणि वीस बाजूंच्या प्रत्येक फाशाला उणे ४ घेऊन. दर मोठ्या विश्रांतीला ते एकाने कमी होतं. चार रात्री मंडळी शहराबाहेर पडली नाहीत.